दुहेरी काचेची कड

दोन काचा, त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा किंवा आर्गॉन वायू आणि चारही बाजूंनी फिरवलेली बोटभर रुंदीची पट्टी, एवढ्यावर आजची दुहेरी काचेची खिडकी उभी आहे. कौतुक होते ते काचेचे आणि मधल्या वायूचे. पट्टी चौकटीच्या खोबणीत दडलेली असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझे म्हणणे असे आहे की, या वस्तूचा दीडशे वर्षांचा इतिहास मुख्यतः या पट्टीचाच इतिहास आहे. काच आधीपासून होती आणि हवा तर फुकट होती. घोडे अडले होते ते काचेच्या कडेला, सांध्यापाशी. तो सांधा जिथे फसला तिथे उत्तम काच, उत्तम लेप आणि त्यांवर केलेला खर्च सगळेच वाया गेले. ही काच कशी बनते, का बिघडते आणि आपल्याकडे ती घेताना काय पाहावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला या कडेपाशीच सापडतात.

आधी साधे पदार्थविज्ञान. काच जाड केली म्हणून खिडकी उष्णता अडवत नाही, कारण काच उष्णतेची बऱ्यापैकी वाहक आहे. तिच्या तुलनेत स्थिर हवा सुमारे चाळीसपट कमी उष्णता वाहून नेते. मात्र हवा स्थिर राहिली पाहिजे. दोन काचांमधले अंतर १२ ते १६ मिलिमीटर असले की हवा जवळजवळ जागच्या जागी राहते. अंतर बरेच वाढवले की ती एका काचेपाशी तापून वर चढते, दुसरीपाशी निवून खाली उतरते आणि या फेऱ्यांत उष्णता इकडून तिकडे नेते. एकेरी काचेतून, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे, चौरस मीटरला साधारण ५.७ वॅट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून २.८ जाते. चांदीचा अदृश्य लेप आणि आर्गॉन असलेल्या दुहेरी काचेत हा आकडा १.१ च्या आसपास येतो. हे सगळे आकडे खरे ठरायला एकच अट आहे : मधली पोकळी कोरडी आणि बंद राहिली पाहिजे.

ही अट पूर्वी कोणी घातलीच नव्हती. थंड प्रदेशांतल्या लोकांना दोन तावदानांचा उपयोग फार आधी कळला होता. व्हिएन्ना आणि बर्लिनच्या जुन्या इमारतींत आजही एकामागे एक अशा दोन स्वतंत्र झडपांच्या खिडक्या दिसतात. रशियात थंडीच्या तोंडावर आतून दुसरी चौकट बसवत, फटी बुजवत आणि दोन चौकटींच्या मधल्या जागेत ओल शोषून घेण्यासाठी कापूस, शेवाळ किंवा मीठ ठेवत. वसंत आला की ही चौकट उतरवून ठेवायची. अमेरिकेत बाहेरून लावायच्या हिवाळी खिडक्यांची प्रथा होती, तीही ऋतूबरोबर लावण्या-काढण्याची. या साऱ्या खिडक्यांत मधली जागा उघडता येत होती. ओल आली तर पुसायची, कापूस भिजला तर बदलायचा. रशियन घरातल्या त्या मिठाकडे मला या शास्त्राची पहिली पायरी म्हणून पाहावेसे वाटते. मधल्या पोकळीचा खरा शत्रू थंडी नसून पाण्याची वाफ आहे, हे त्या घरातल्या बायामाणसांनी अनुभवाने ओळखले होते.

१ ऑगस्ट १८६५ रोजी न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. दोन तावदाने थोड्या अंतरावर ठेवून त्यांच्या कडा कायमच्या बंद कराव्यात आणि तो जोड एकाच काचेसारखा चौकटीत बसवावा, ही त्यामागची कल्पना. आजची दुहेरी काच तत्त्वतः हीच आहे. तरीही ती बाजारात जम बसवायला पुढची सत्तरेक वर्षे गेली. या काळात काचेची टंचाई होती असे म्हणता येणार नाही. १८५१ सालीच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला जवळपास तीन लाख तावदाने लागली होती आणि ती बसवलीही गेली होती. उणीव होती ती कड बंद करायच्या पदार्थाची. जवसाच्या तेलात मळलेली लांबी वाळली की कडक होते आणि भेगाळते. लाकूड ओलीने फुगते. धातू आणि काच तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. शिवाय बंद पोकळीला रोजचा एक जाच असतो. दिवसा उन्हाने आतली हवा फुगते आणि कडेवर बाहेरच्या दिशेने दाब टाकते. रात्री ती आकसते आणि कडेला केसाएवढी जरी फट असेल तरी त्या फटीतून दमट हवा आत ओढून घेते. हवा परत बाहेर जाते, पण वाफेतला काही अंश आत पाणी होऊन उरतो. असे शेकडो दिवस गेले की आतून धुके धरते, आणि तिथे ना हात पोहोचतो ना फडके. जुन्या दोन झडपांच्या खिडकीत जो दोष मिनिटभरात पुसला जाई, तो बंद काचेत कायमचा मुक्कामाला येतो.

ही गाठ पहिल्यांदा सुटली ती धातूच्या मदतीने. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सी. डी. हेवन यांच्या पद्धतीवर टोलेडो शहरातल्या लिबी-ओवेन्स-फोर्ड या काच कंपनीने ‘थर्मोपेन’ ही बंद कडेची दुहेरी काच उभी केली. काचेच्या कडेवर धातूचा थर चढवायचा आणि त्याला शिशाच्या मिश्रधातूची पट्टी डाग देऊन जोडायची, अशी ती रीत होती. शिसे मऊ असल्यामुळे थोडेफार हलणे सोसते आणि धातूतून वाफ आरपार जात नाही. कंपनीने या सांध्याला स्वतंत्र व्यापारी नाव दिले होते. जाहिरातीत कडेचा गौरव व्हावा असा तो दुर्मीळ प्रसंग. याच काचेच्या भरवशावर शिकागोच्या परिसरात जॉर्ज फ्रेड केक या वास्तुशिल्पज्ञाने १९४० च्या दशकात दक्षिणेकडे मोठ्या काचा असलेली, हिवाळ्यातले ऊन घरात घेणारी घरे बांधली. उलट १९५१ साली पुऱ्या झालेल्या, जगभर वाखाणल्या गेलेल्या, वास्तुशिल्पज्ञ मीस व्हान डेर रोह यांच्या फार्न्सवर्थ हाऊसमध्ये चारी बाजूंना एकेरी काच होती. इलिनॉयच्या हिवाळ्यात त्या काचांवर आतून पाणी जमे. दुहेरी काच तेव्हा बाजारात मिळत होती. प्रत्येक थोर वास्तूने आपल्या काळातले ज्ञान वापरलेले असतेच असे नाही.

शिशाच्या कडेची मर्यादा उघडी पडली ती बॉस्टनमध्ये. तिथला जॉन हॅनकॉक टॉवर साठ मजली आहे आणि त्याच्या सर्वांगाला काच आहे : १०,३४४ तावदाने, एकेकाची उंची साडेतीन मीटरच्या घरात आणि वजन सुमारे सव्वादोनशे किलो. इमारत पुरी होत आलेली असताना जानेवारी १९७३ च्या वादळात काचा फुटून खाली कोसळल्या. वरच्या काचेचे तुकडे खालच्या काचांवर आदळून त्या आणखी फुटल्या. वाऱ्याचा जोर वाढला की खालचे रस्ते बंद करावे लागत. फुटलेल्या काचांच्या जागी प्लायवूड ठोकले गेले आणि काही काळ देशातली ती बहुचर्चित इमारत लाकडी फळ्यांनी भरलेली दिसत होती. दोष वाऱ्याने डुलणाऱ्या सांगाड्यात आहे असा पहिला तर्क झाला. डुलण्याचा प्रश्न खरा होता, पण वेगळा, आणि तो स्वतंत्रपणे सोडवला गेला. काचा फुटण्याचे कारण तपासणीत निघाले ते दोन काचांच्या मधल्या शिशाच्या सांध्यात. बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला आरशासारखा धातूचा लेप होता आणि शिशाचा डाग त्या लेपाला इतका घट्ट बसला होता की ऊन-वाऱ्याची रोजची हालचाल सामावून घ्यायला जागाच उरली नव्हती. शिसे थकून भेगाळले आणि ती भेग काचेत उतरली. घरगुती आकाराच्या खिडक्यांत निभावलेली रीत इतक्या मोठ्या काचेत हरली. शेवटी सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा काढून एकेरी टफन्ड काच बसवावी लागली आणि टॉवर १९७६ साली उघडला. सांधा दुबळा नव्हता, तो गरजेपेक्षा मजबूत होता. कडेने वाफ अडवली पाहिजे आणि हालचाल सोसलीही पाहिजे, या दोन परस्परविरोधी मागण्या इथे समोरासमोर आल्या.

आजच्या कारखान्यात ही दोन कामे दोन वेगळ्या पदार्थांना वाटून दिलेली आहेत, आणि माझ्या मते या वस्तूच्या इतिहासातला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय हाच आहे. काचा कापून, निर्मळ केलेल्या पाण्याने धुऊन सुकवतात. ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची पोकळ पट्टी, म्हणजे स्पेसर, काचेच्या मापाने वाकवतात. तिच्या पोकळीत झिओलाइटचे बारीक दाणे भरतात. या दाण्यांची छिद्रे इतकी अरुंद असतात की पाण्याचा रेणू आत शिरतो, आर्गॉनचा शिरू शकत नाही. रशियन खिडकीतल्या मिठाचे काम आता हे दाणे करतात. स्पेसरच्या दोन्ही अंगांना गरम बुटाइलची काळी, चिकट दोरी चढते. बुटाइल वाफ उत्तम अडवते, पण ताकदीला कमी. मग दोन्ही काचा यंत्रात दाबून आर्गॉन भरतात आणि स्पेसरच्या बाहेर उरलेल्या खोबणीत पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन भरतात. हा दुसरा थर काचांना धरून ठेवतो आणि रबरासारखा ताणला जातो. पॉलिसल्फाइड रबराचा शोध अमेरिकेत १९२० च्या दशकात लागला होता, पण खिडकीपर्यंत यायला त्याला अनेक वर्षे लागली. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिसल्फाइड बिघडते, म्हणून जिथे काचेची कड चौकटीत झाकलेली नसते, उदाहरणार्थ आपल्याकडच्या संगणक कंपन्यांच्या काचेरी इमारतींत, तिथे सिलिकॉनच हवे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, खरी क्रांती चांदीच्या लेपाने केली, कडेने नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. साध्या दुहेरी काचेतून जाणाऱ्या उष्णतेतला निम्म्याहून मोठा वाटा एका काचेकडून दुसरीकडे होणाऱ्या अदृश्य प्रारणाचा असतो, आणि कितीही चांगला वायू भरला तरी तो अडत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने या लेपांच्या संशोधनाला चालना दिली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आले. साधी काच उष्णतेचे प्रारण सुमारे ०.८४ या प्रमाणात सोडते, तर चांदीचा काही नॅनोमीटर जाडीचा थर ते ०.०४ च्याही खाली आणतो. पण हा थर राहतो कुठे, तेही पाहा. उघड्या दमट हवेत तो काळा पडतो. तो टिकतो तो बंद, कोरड्या पोकळीतच. म्हणून तर काचा जोडण्याआधी कडेलगतची सेंटिमीटरभर चांदी घासून काढतात. बुटाइल चांदीला नव्हे, नितळ काचेला चिकटले पाहिजे, आणि बाहेरून शिरणाऱ्या गंजाला आतल्या लेपापर्यंत वाट मिळता कामा नये. काच बनताना ती तापलेली असतानाच चढवलेला कठीण लेप उघड्यावरही टिकतो हे खरे, पण उष्णता अडवण्यात तो चांदीच्या मागे आहे. सारांश, लेपाने कडेचे महत्त्व कमी केले नाही, उलट कड फुटण्याची किंमत वाढवली.

दुसरा आक्षेप पैशाचा. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीने, म्हणजे वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून, सपाट काच स्वस्त झाली. पुढे तेल महागले, सरकारांनी इमारतींना नियम लावले, म्हणून दुहेरी काच खपू लागली, असे म्हटले जाते. खप वाढण्याचे हे कारण मला मान्य आहे. पण खपणे आणि टिकणे या दोन गोष्टी आहेत. तेलसंकटाच्याच वर्षी हॅनकॉकच्या काचा पडत होत्या. मागणी आली म्हणून सांधा आपोआप सुधारला नाही. पुढची पायरीही तेच सांगते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधनातून १९९० च्या दशकात निर्वात काच जपानी बाजारात आली. दोन काचांत अंतर अवघे ०.२ मिलिमीटर, आणि आत जवळजवळ काहीच नाही. तिथे अडसर पुन्हा कडेचाच होता : निर्वात टिकवायला रबर उपयोगाचे नाही, कड काचेनेच वितळवून जोडावी लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. व्हिएन्नातली दोन झडपांची खिडकी सुतार दुरुस्त करतो आणि ती शंभर वर्षे चालते. बंद काचेची कड फसली की आख्खा जोड काढून टाकावा लागतो. साधारण वीस-पंचवीस वर्षे हे चांगल्या मालाचेही आयुष्य धरतात. दुरुस्त होणारी वस्तू घालवून आपण बदलावी लागणारी वस्तू घेतली, हे नाकारता येत नाही. जुनी दुहेरी झडप शाबूत असेल तर तिच्या फटी बुजवून ती ठेवणेच योग्य, असे माझे मत आहे. नव्या इमारतीपुरते बोलायचे तर कडेचा दर्जा म्हणजेच त्या खिडकीचे आयुष्य, आणि दर चौरस फुटाच्या भावात हे आयुष्य लिहिलेले नसते.

आपल्याकडे मात्र दुहेरी काचेचा हिशेब शिकागोहून उचलून चालणार नाही. शिकागोत बाहेर उणे १५ आणि आत २१ अंश असताना एकेरी काच चौरस मीटरला दोनशेहून अधिक वॅट उष्णता गमावते, आणि दुहेरी केल्यावर त्यातली निम्मी वाचते. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी बाहेर ३४ आणि वातानुकूलित खोलीत २५ अंश असतील, तर फरक नऊच अंशांचा. या वाटेने एकेरी काचेतून येतात जेमतेम पन्नास वॅट, आणि दुहेरीने वाचतात पंचवीस. त्याच वेळी पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडत असेल, तर साध्या एकेरी काचेतून त्यातले सुमारे ४८० आत येतात आणि साध्या दुहेरीतूनही ४२० येतातच. म्हणजे आपला शत्रू ऊन आहे. ऊन रोखणारा लेप असलेली दुहेरी काच हा आकडा दीडशेवर आणू शकते. छज्जा किंवा बाहेरची झडप तर काचेला ऊन लागूच देत नाही. वाड्यांच्या जाड भिंतींतल्या लहान खिडक्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत चौकटीत बसवलेल्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या यांमागे उजेड घ्यायचा, पण उन्हाची धग नको, हाच विचार होता. ऊर्जा संवर्धनासाठी २००७ साली आलेल्या केंद्राच्या इमारत संहितेनेही काचेसाठी उष्णतावहनाबरोबर उन्हाच्या शिरकावाची मर्यादा ठेवली आहे. तेव्हा इथे आधी सावली, मग लेप, आणि दुसरी काच मुख्यतः तो लेप जपण्यासाठी, हाच क्रम बरोबर आहे.

आणि लेप जपायचा तर कोकणपट्टीच्या दमट हवेत कडेची परीक्षा शिकागोपेक्षा सोपी नाही. पावसाळ्यात चौकटीच्या खोबणीत पाणी साचून राहिले तर काचेची कड आठवडेच्या आठवडे पाण्यात उभी राहते. म्हणून काच रबरी ठोकळ्यांवर उचलून बसवलेली हवी आणि चौकटीला पाणी निघून जायची भोके हवीत. उंचीचाही विचार हवा. बंद पोकळीत जिथे काच बनली तिथल्या हवेचा दाब असतो. समुद्रसपाटीवर बनलेली काच लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर नेली तर बाहेरचा दाब तिथे सुमारे एकतृतीयांशाने कमी असतो, काचा फुगतात आणि सगळा ताण कडेवर येतो. अशा ठिकाणच्या मालाला दाब जुळवण्यासाठी बारीक नळी ठेवतात. आवाजासाठी दुहेरी काच घेणाऱ्यांची मात्र बऱ्याचदा निराशा होते. सारख्या जाडीच्या दोन पातळ काचा रहदारीचा घरघराट फारसा अडवत नाहीत. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या काचा, शक्यतो एक लॅमिनेटेड, आणि फट न ठेवणारी झडप लागते. सरकत्या खिडकीच्या फटीतून आवाज सुखेनैव आत येतो.

घेताना काय पाहावे ते थोडक्यात सांगतो. काचेसमोर पेटती काडी धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतील, आणि लेप असेल तर एकाचा रंग वेगळा असेल. उष्ण प्रदेशात बाहेरून मोजल्यास ते दुसरे असावे, म्हणजे लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला आहे. काचेवर धुके धरले तर ते कुठे आहे ते बोटाने पुसून ठरवा. पावसाळ्यात बाहेरून धरलेले धुके खोली फार थंड ठेवल्याचे, आतून धरलेले खोलीतल्या ओलीचे. आतून-बाहेरून पुसूनही जात नसेल तर कड गेली. विक्रेत्याला काचेची जाडी सगळेच विचारतात. तुम्ही सील एकेरी आहे की दुहेरी, बाहेरचा थर पॉलिसल्फाइडचा की सिलिकॉनचा, हे विचारा. हमीपत्रात आतून धुके न धरण्याची हमी किती वर्षांची आहे, तेही पैसे देण्याआधी वाचून घ्या.